‘मंजूर, मंजूर’ म्हणण्याआधी : आपल्या पबच्या समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात एका सोमवारी संध्याकाळी इंग्लंडमधल्या आपल्या गावच्या हॉलमध्ये आपली विशेष सर्वसाधारण सभा झाली. ३१२ सभासदांपैकी हजर ३१. आपण सभासदांनी मिळून विकत घेतलेला पब वीस वर्षांच्या लीजवर एका पब कंपनीला द्यायचा आणि मागची बाग जुन्या कोठारासकट घरं बांधायला विकायची, या ठरावाला ‘तत्त्वतः’ मान्यता मिळाली. बाजूनं २३, विरोधात ८. चहा-बिस्किटं धरून चाळीस मिनिटांत सगळं आटोपलं. त्या आठांत एक मी होते.

घरी चालत येताना मला आमच्या कारखान्याची सभा आठवली. मी नगर जिल्ह्यातली. आता अहिल्यानगर म्हणायचं. वडील सहकारी साखर कारखान्याचे सभासद. सप्टेंबरात वार्षिक सभा व्हायची. मांडवात कर्ण्यावरून ‘विषय क्रमांक एक’ एवढं ऐकू येतंय न येतंय तोच पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर!’ असा गजर उठायचा. बारा विषय दहा मिनिटांत. मागचा कुणी उठून काही विचारायला लागला की माईक बंद पडायचा आणि शेजारचाच त्याला सदऱ्याला धरून खाली बसवायचा. वडील तर कधी उठलेच नाहीत. ‘दिवाळीला साखर मिळते, भाव बरा देतात, कशाला वाकड्यात शिरायचं,’ म्हणायचे. कारखाना पुढे कर्जात गेला, मग भाडेतत्त्वावर गेला, शेवटी कर्जापोटी विकला गेला. वडिलांच्या भागाचा दाखला अजून आईच्या ट्रंकेत आहे. शिक्का, सही, क्रमांक, सगळं शाबूत.

हेच पत्र इंग्रजीत, माझ्या नावानिशी, तुम्हाला पोचलं आहे आणि त्याची प्रत पबच्या फलकावर लावलेली आहे. मराठीत लिहिण्याचं कारण साधं आहे. २०१७ मध्ये पब विकत घ्यायला पैसे जमवत होतो तेव्हा रेडिंग, स्लाऊ आणि स्विंडन इथल्या अकरा मराठी घरांनी निव्वळ माझ्या शब्दावर भाग घेतले. त्यांतल्या सात घरांनी तोवर हे गाव पाहिलंही नव्हतं. त्यांना जाब देणं लागते. गावाचं, पबचं आणि कंपनीचं नाव इथे मुद्दाम घालत नाही. आपल्याला उद्याही एकाच रस्त्यावर भेटायचं आहे.

तुम्हाला माहीत असलेलं थोडं मराठी वाचकांसाठी सांगावं लागेल, ते चालवून घ्या.

आम्ही दोघांनी मिळून पबमध्ये पाचशे पौंड घातले हे सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘गुत्त्यात पैसे घातलेत?’ त्यांचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे दारूच्या दुकानाला गावाच्या मधोमध जागा नसते. असली तर बाया एकत्र येऊन मतदानानं ते बंद करतात, आणि मी तिथे असते तर त्यांच्यातच उभी राहिले असते. पण पुढच्या उन्हाळ्यात त्या इथे आल्या. बिअर हा शब्द ऐकून जिंजर बिअरलाही हात लावला नाही, चहा मागवला आणि खिडकीशी दोन तास बसल्या. शेतकरी चिखलाच्या बुटांनिशी आला, बाळाला दूध पाजणारी आई आली, टपालखात्याचा माणूस आठवड्यातून दोनदा मांडतो ते टेबल मांडून बसला, एक आजोबा अर्धा पाइंट समोर ठेवून शब्दकोडं सोडवत राहिले. निघताना सासूबाई म्हणाल्या, ‘हा पारच आहे की गं. छप्पर घातलेला.’

आपल्या इमारतीचा मधला भाग सतराव्या शतकातला आहे. तुळया इतक्या खाली की माझा साडेपाच फुटी नवराही दोनदा डोकं आपटून शहाणा झाला. पाटीवर पांढरं हरीण. ते दुसऱ्या रिचर्ड राजाचं चिन्ह, आणि याच राजानं १३९३ मध्ये दारू विकणाऱ्याला दारावर पाटी लावणं सक्तीचं केलं असं मला आपल्याच एका क्विझमध्ये कळलं. (त्या क्विझमध्ये आमचा संघ शेवटून दुसरा आला.) गावातलं किराणा दुकान आधीच गेलेलं, बस दिवसातून दोनदा. २०१५ मध्ये पब बंद झाला आणि खिडक्यांवर फळ्या ठोकल्या, तेव्हा माणसाला माणूस भेटायची जागा म्हणून फक्त चर्च उरलं. तिथे आम्हाला कुणी नाही म्हटलं नसतं, पण गुरुवारी रात्री साडेआठला जाऊन करणार काय?

पुढचं तुम्ही केलंत, आणि मी ते विसरलेली नाही. २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टनं इंग्लंडमधल्या गावांना एक हत्यार दिलं. पॅरिश कौन्सिलनं, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीनं, किंवा परिसरातल्या किमान २१ मतदारांनी अर्ज केला तर एखादी इमारत ‘असेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू’, म्हणजे गावाच्या दृष्टीनं मोलाची मालमत्ता म्हणून डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या यादीत चढू शकते. मग मालकाला ती विकायची झाली तर आधी कौन्सिलला कळवावं लागतं. गावाला इच्छा कळवायला सहा आठवडे मिळतात, आणि कळवली की पैसे उभे करायला, पहिल्या दिवसापासून मोजून, सहा महिने. मालकावर गावालाच विकण्याचं बंधन नाही. मिळतो तो वेळ. लंडनच्या नन्हेडमधला आयव्ही हाउस हा या यादीत चढलेला देशातला पहिला पब. २०१२ मध्ये तो बंद पडला, ३७१ जणांनी भाग घेतले आणि २०१३ मध्ये तो लोकांच्या मालकीनं पुन्हा उघडला. कायदा नसतानाही हे घडलं होतं. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या लोकांनी आपला ओल्ड क्राउन २००३ मध्येच सहकारी तत्त्वावर घेतला, त्याच्या मागची ब्रुअरी तर त्याआधीच घेतली होती. आज देशात असे दीडशेहून अधिक पब आहेत.

आपल्या अर्जावर एकोणिसावी सही माझी होती. अध्यक्षमहाशय, तुम्ही स्वतः पावसात माझ्या दारात उभे होतात आणि मी म्हटलं होतं, ‘मी तर बिअर पीत नाही.’ तुम्ही म्हणालात, ‘तसंच लिहा. बिअर न पिणाऱ्यांच्याही सह्या हव्यात.’ त्या वाक्यावर मी सही केली, आणि त्याच वाक्यावर अकरा मराठी घरांकडून पैसे आणले. तुमचं ते वाक्य तुम्हाला परत करायला हे पत्र लिहिते आहे असं समजा.

नंतरचे आठ महिने मी आयुष्यात कधी विसरणार नाही. सहा थरांचा वॉलपेपर खरवडताना नखं गेली. चुन्याचा गिलावा कसा मळायचा हे मला एका निवृत्त गवंड्यानं शिकवलं, आणि शेणानं सारवलेल्या भिंतीच्या घरात मी वाढले हे कळल्यावर त्यानं मला थेट बढती दिली. २०१८ च्या ईस्टरला पब उघडला. दोन वर्षं झाली नाहीत तोच, २० मार्च २०२० च्या रात्री, सरकारनं देशातले सगळे पब बंद करायला लावले. आपण स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली. सुपरमार्केटमध्ये मैदा मिळेना तेव्हा आपण घाऊक पोती फोडून किलोकिलोनं विकला. त्याच खिडकीतून मी पहिल्यांदा बटाटेवडे दिले, गुरुवारी, शंभर. पाऊण तासात संपले. गुरुवारचे वडे अजून चालू आहेत आणि लाल चटणी तिखट आहे ही तक्रारही.

आता मूळ विषयाकडे येते. तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. मी हिशेब वाचले आहेत. २०२२ नंतर गॅस आणि विजेची बिलं कुठल्या कुठे गेली. एप्रिल २०२५ पासून मालकानं नोकरामागे भरायचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक सुरक्षेचा हप्ता, १३.८ वरून १५ टक्के झाला आणि तो लागू होण्याची पगाराची मर्यादा वर्षाला ९,१०० पौंडांवरून ५,००० वर आली. अर्धवेळ काम करणारी पोरं ज्या धंद्यात जास्त, त्यालाच हा फटका मोठा. त्याच महिन्यात धंद्याच्या जागेवरच्या करातली सूट ७५ टक्क्यांवरून ४० वर आली. तीन वर्षांत दोन मॅनेजर सोडून गेले. खजिनदार बाई दिवसा नोकरी करून रात्री बारा वाजता आपले आकडे जुळवतात, फुकट. एवढं सगळं मान्य करून माझ्या तक्रारी सांगते.

पहिली नोटिशीची. वीस वर्षांची लीज आणि जमिनीची विक्री हा विषय सभासदांना कसा कळवलात? मासिक पत्रिकेच्या ईमेलला जोडलेल्या तिसऱ्या फायलीत, दुसऱ्या पानावर, बागकामाच्या स्वयंसेवकांचे आभार मानल्यानंतर. चौदा दिवस आधी, म्हणजे नियमाला धरून. पण आपल्या सभासदांत चाळीसेक जण असे आहेत जे ईमेल पाहत नाहीत. पबमधला तो अर्ध्या पाइंटवाला आजोबा त्यांतलाच. त्याला हे माझ्याकडून कळलं, सभेनंतर तीन दिवसांनी, वडा खाताना. तो काही बोलला नाही. कोडं तसंच टाकून घरी गेला. कारखान्याच्या सभेत निदान कर्णा तरी होता.

दुसरी तक्रार मला सर्वांत जास्त लागली, कारण तिच्यात कुणाचा स्वार्थ नाही, निव्वळ हलगर्जीपणा आहे. कौन्सिलच्या यादीतली नोंद पाच वर्षंच टिकते. मग पुन्हा अर्ज करावा लागतो. आपली नोंद २०२१ मध्ये संपली. कोविडचा काळ होता, कुणाच्या लक्षात आलं नाही, हे समजू शकते. पण नंतरच्या प्रत्येक वर्षी ‘आपला पब यादीत आहे’ असं अहवालात छापलं जात राहिलं. मी मागच्या पंधरवड्यात कौन्सिलची यादी उघडून पाहिली तेव्हा आपलं नाव नाही. जे २१ सह्यांचं हत्यार घेऊन आपण लढलो, ते गंजत पडलंय, आणि आपण विकायच्या गोष्टी करतोय. उद्या ही इमारत आपल्या हातून सुटली तर पुढच्या पिढीला ते सहा महिनेही मिळणार नाहीत.

कागदाचं महत्त्व सांगायला फार लांब जायला नको. स्टॅफर्डशायरमधला क्रुकेड हाउस, खाणींमुळे जमीन खचून तिरका झालेला, १७६५ च्या बांधकामाचा, ऑगस्ट २०२३ मध्ये आगीत सापडला आणि दोन दिवसांत जमीनदोस्त झाला. राष्ट्रीय संरक्षित वास्तूंच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. पुन्हा बांधून द्या असा आदेश कौन्सिलनं फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. लंडनमधला कार्लटन टॅव्हर्न २०१५ मध्ये परवानगीशिवाय पाडला गेला. तो जसा होता तसा उभा करायला लावला आणि २०२१ मध्ये उघडला, म्हणजे सहा वर्षं गेली. आपली इमारत ग्रेड टू संरक्षित आहे, त्यामुळे कुणी ती सरळ पाडू शकणार नाही. पण संरक्षण भिंतींना आहे. आत पब राहील की कुणाचं चार बेडरूमचं घर होईल, हे वेगळं प्रकरण. २०१७ पासून पबचा वापर बदलायला इंग्लंडमध्ये रीतसर परवानगी लागते हे खरं. पण ती मागताना मालक एकच मुद्दा मांडतो : हा धंदा इथे चालू शकत नाही.

इथूनच तिसरी तक्रार सुरू होते, बागेची. तुमच्याच हिशेबांत आहे की मे ते ऑगस्ट या चार महिन्यांत निम्म्याच्या आसपास विक्री बागेत बसलेल्या गिऱ्हाइकांची असते. सायकलवाले, पायी फिरणारे, मुलाबाळांची कुटुंबं आत बसत नाहीत. कोठारात टपालाचं टेबल, अदलाबदलीच्या पुस्तकांची मांडणी आणि हिवाळ्यातली नाटकाची तालीम. बाग गेली की उन्हाळ्याची विक्री गेली. कोठार गेलं की बिअर न पिणाऱ्यांची येण्याची कारणं गेली. गाड्या लावायला जागा उरते नऊ. मग पाचसहा वर्षांनी कंपनीचा कुणी शहाणा नकाशे घेऊन कौन्सिलपुढे उभा राहील आणि सांगेल की इथे धंदा चालत नाही. तेव्हा तो खोटं बोलत नसेल. धंदा न चालण्याची सोय आपणच करून दिलेली असेल. कर्ज फेडायला जमीन विकली, हा हिशेब माझ्या वडिलांच्या पिढीनं पुष्कळ वेळा ऐकलाय. कारखान्याची आधी मोकळी जागा जाते, मग डिस्टिलरी, मग बॉयलर.

आणि या विक्रीतून सभासदाला काही मिळणार आहे का? आपल्या पोटनियमांप्रमाणे मालमत्तेचा पैसा वाटून घेता येत नाही. भाग परत मागितला तर समिती परवानगी देईल तेव्हा दर्शनी किमतीला, एक पेनी जास्त नाही. म्हणजे लोभानं कुणी हात वर केलेला नाही. २३ जणांनी थकव्यानं हात वर केले असं मला वाटतं. ते जास्त काळजीचं आहे.

चौथी, लीजची. भाडेकरू ठेवायला माझा विरोध नाही, हे नीट ऐका, कारण सभेत मला ‘सगळ्याला विरोध करणारी’ ठरवलं गेलं. नॉर्थ यॉर्कशायरमधल्या हडस्वेलचं उदाहरण आपणच २०१६ मध्ये एकमेकांना सांगत होतो. तिथला जॉर्ज अँड ड्रॅगन २००८ मध्ये बंद पडला, २०१० मध्ये गावानं घेतला. मालकी सोसायटीची, चालवायला भाडेकरू. आत छोटं दुकान, वाचनालय, मागे लोकांना भाजी लावायला वाफे. आपल्याहून लहान गाव ते, आणि कॅम्रानं म्हणजे अस्सल एल या पारंपरिक बिअरच्या चाहत्यांच्या संघटनेनं २०१६ चा देशातला सर्वोत्तम पब म्हणून त्यालाच निवडलं. त्यांनी वाफे विकले नाहीत.

तुम्ही आणताय तो भाडेकरू वेगळा. साखळी कंपनी, वीस वर्षं, कुठली बिअर ठेवायची हे ती ठरवणार, उघडण्याच्या वेळा ती ठरवणार, आणि ‘सामुदायिक उपक्रम चालकाच्या सोयीनुसार’. हे शब्द तुमच्या दोन पानी सारांशातले आहेत. मूळ मसुदा सभासदांना दाखवलेला नाही. २०१५ मध्ये पब बंद का पडला होता आठवतं? त्या वेळच्या भाडेकरूला बिअर मालक कंपनीकडूनच, कंपनीच्या भावानं घ्यावी लागायची. तो बिचारा पहाटेपासून राबायचा आणि नफा पिंपाबरोबरच आलेला असायचा, पिंपाबरोबरच परत जायचा. त्याच दावणीला आपण आपला पब स्वतःच्या हातानं बांधायचा?

वरचा फ्लॅट चौदा महिने रिकामा आहे. भाड्यानं का दिला नाही याचं उत्तर सभेत मिळालं नाही. एवढंच.

आता माझा दोष. तुम्ही म्हणता की निवडणुकीला कुणी उभं राहत नाही, सभेला कुणी येत नाही, मग कामं करणाऱ्यांनी निर्णय घेतले तर बिघडलं कुठे. यात खोटं काही नाही. २०२२ च्या सभेला मी आले नाही कारण आईच्या आजारपणासाठी नगरला होते. २०२३ च्या सभेला आले नाही कारण पाऊस होता आणि टीव्हीवर क्रिकेट होतं. माझ्या अकरा मराठी घरांपैकी एकानंही आजवर प्रॉक्सीचा, म्हणजे गैरहजर असताना दुसऱ्यामार्फत मत देण्याचा, फॉर्म भरलेला नाही. मी त्यांना तो भरायला सांगितलाच नव्हता. पैसे मागायला घरोघरी गेले होते, मत मागायला गेले नाही. १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या २८ जणांनी सहकारी दुकान काढलं तेव्हा ‘एका माणसाला एकच मत’ हा नियम त्यांनी घालून घेतला. साठ वर्षांनी सहकाराचा कायदा हिंदुस्थानात आला, आणि १९५० मध्ये प्रवरेच्या काठी विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला तेव्हाही मत एकेकच. आमच्या अंगणापर्यंत हा नियम इथूनच आला होता. त्याचं मी काय केलं, तर पावसाचं निमित्त.

जाताजाता थोडं गणित. जमीन विकायला आपल्या पोटनियमांत हजर व प्रॉक्सी मतांची पाऊणपट संमती लागते. २३ भागिले ३१ म्हणजे चौऱ्याहत्तर टक्के आणि वर चिमूटभर. पंचाहत्तर होत नाहीत. म्हणूनच तो ठराव ‘तत्त्वतः’ होता आणि साध्या बहुमतावर निभावला. पुढच्या महिन्यातल्या अंतिम सभेत तसं निभावणार नाही.

माझ्या मागण्या अशा. अंतिम सभा सहा आठवडे पुढे ढकला आणि तिची नोटीस प्रत्येक सभासदाला कागदावर, टपालानं पाठवा. टपालाचा खर्च मी देते. लीजचा पूर्ण मसुदा, तीन वर्षांचे हिशेब आणि जमिनीचं एका स्वतंत्र सर्व्हेअरकडून करून घेतलेलं मूल्यांकन बारच्या काउंटरवर ठेवा, ज्याला वाचायचं तो वाचेल. लीज आणि जमीन यांवर दोन वेगळे ठराव, दोन वेगळी मतदानं घ्या; एकाच्या पाठीवर दुसऱ्याला बसवू नका. साखळी कंपनीशी बोलण्याआधी पाच वर्षांच्या, कुठलीही बिअर कुठूनही घ्यायची मुभा असलेल्या भाडेकरारासाठी जाहिरात द्या, टपालाचं टेबल आणि कोठार खुलं ठेवण्याच्या अटीसह. वरचा फ्लॅट त्याच करारात घाला, राहायला जागा मिळाली तर चांगलं जोडपं येईल. पब पुन्हा कौन्सिलच्या यादीत चढवायचा अर्ज याच महिन्यात करा. आणि हे सगळं करूनही आकडे जुळले नाहीत, तर नवे भाग काढा. आधी लोकांना विचारा, जमिनीला नंतर.

समितीत दोन जागा रिकाम्या आहेत. एकीसाठी मी अर्ज भरला आहे. मला हिशेब येतात, मी प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं नोंदवह्या ठेवल्या आहेत, आणि सभेत माईक बंद पडला तरी ऐकू जाईल एवढा माझा आवाज आहे.

रेडिंग, स्लाऊ, स्विंडनच्या मंडळींनो, तुमच्यासाठी दोन ओळी. प्रॉक्सीचा फॉर्म आज रात्री तुमच्या फोनवर येईल. एका घरात दोघांचे भाग असतील तर फॉर्म दोन. मत कुठे द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. लीज हवी वाटली तर तसं लिहा, मी फॉर्म तरीही स्वतः नेऊन देईन. पण कोरा ठेवू नका. सभेच्या ४८ तास आधी सचिवांच्या हातात पडला पाहिजे, ईमेलनं चालत नाही, सही शाईची लागते.

यादीच्या नव्या अर्जावर आजवर चौदा सह्या झाल्यात. कागद बारच्या काउंटरवर, चटणीच्या बरणीशेजारी आहे. त्या आजोबांची सही पहिली. अध्यक्षमहाशय, तुमच्यासाठी पाचवी ओळ रिकामी ठेवली आहे. या गुरुवारी वडे नाहीत, मी उरलेल्या सह्यांसाठी टेकडीवरच्या घरांकडे जाणार आहे.

आपली,
एक सभासद